सुपा ते खर्डा, सदतीस नंबरवर

गाडी बाहेर काढली तेव्हा सुप्यात पहिल्या पाळीचे कामगार बसची वाट बघत उभे होते. मी तिथल्याच एका कारखान्यात तयार पार्ट तपासते, त्यामुळे त्यांतले निम्मे ओळखीचे. एकाने हात करून विचारलं, मॅडम, आज हिला ऊन दाखवताय का? दाखवतेय बाबा. कुणाच्या बापाचं काय जातंय?

माझं घर दोन खोल्यांचं. एकीत मी राहते, दुसरीत माझ्या तीन स्पोर्ट्स बाइक. तिन्ही लिमिटेड एडिशन, म्हणजे कंपनीने मोजक्याच काढल्या आणि पुन्हा काढणार नाही. प्रत्येकीच्या टाकीवर तिचा नंबर कोरलेली पट्टी असते. लोक सोनं करतात, मी ह्या केल्या. आज निघाली ती शंभरातली सदतिसावी. काळी, मॅट रंगाची, चकाकी अजिबात नाही, आणि सीट एकाच माणसाची.

पुण्यात आम्हा हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. तिथला शिरस्ता असा, की असली गाडी चालवायची नाही. पुसायची, झाकायची, प्रदर्शनाला टेम्पोत घालून न्यायची. मी खर्ड्याला चाललेय म्हटल्यावर एका गृहस्थांनी लिहिलं, वापरलेल्या गाडीला मग काही अर्थ राहत नाही हो. वा रे वा! माझा काडीमोड झाला तेव्हा गावात माझ्याबद्दल हेच बोलत होते. माझं डोकं फिरलं आणि जायचं तिथेच पक्कं झालं.

खर्डा माझं माहेर. भाचीचा, प्राजूचा, साखरपुडा होता. आदल्या आठवड्यात दादाचा, म्हणजे तिच्या वडिलांचा फोन आला.

"ये तू, पन यष्टीनं ये. ती गाडी आनू नको. पाव्हन्यांनी इचारलं तर काय सांगू मी?"

बहिणीची आहे म्हणून सांग, मी म्हटलं. त्याने फोनच ठेवला. माहेरच्या दारात मला माझ्या गाडीसकट उभं राहता येतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं. येत नसेल तर यापुढे त्या दारात जायचंच नाही, असं मनाशी बोलून मी किक... छे, हिला किक कुठली, बटण दाबलं.

नगर लागलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतात. शहरातली गर्दी मागे टाकून जामखेडच्या रस्त्याला लागले. थंडीचे दिवस, ज्वारी कमरेएवढी आलेली, मध्येच कांद्याचे वाफे, मग नुसतं माळरान आणि बाभळी. ही गाडी हळू चालवणं म्हणजे शिक्षा. मनगटं भरून येतात, पाठ बोलायला लागते. पण चांगला रस्ता लागला, गाडी मोकळी सोडली, आणि हेल्मेटच्या आत मी वेड्यासारखी हसत सुटले. एवढी वर्षं हिला खोलीत कोंडून ठेवली होती, म्हणजे कमालच केली मी.

जामखेडच्या अलीकडे एका चहाच्या हॉटेलासमोर थांबले. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, गिऱ्हाइकं त्यांना चाचा म्हणत होती. मी चहाचा घोट घेते न घेते तोच स्टँड मुरमात रुतला आणि गाडी धाडदिशी आडवी. बाजूच्या कव्हरवर वीतभर ओरखडा. चाचा आणि दोन गिऱ्हाइकं धावली, चौघांनी मिळून ती उभी केली. चाचांनी स्वतः एक चपटा दगड शोधून स्टँडखाली सरकवला.

"ताई, लई लाडाची दिसती," ते म्हणाले.

व्हय चाचा, मी म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं. खोटं कशाला बोलू, जीव तुटला. त्यांनी दुसरा चहा दिला, बरोबर गरम भजी दिली. मी ती बसून निवांत खाल्ली. पडली तर पडली, घरात बसून कुणाला लागत नाही.

खर्ड्यात शिरताना किल्ल्याची तटबंदी दिसली आणि मी वेग कमी केला. आमच्या दारात मांडव होता. दादा पुढे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, गोठ्यामागं लाव, ताडपत्री टाकतो. मी गाडी मांडवाच्या खांबाला लावली. तेवढ्यात आवाज ऐकून वहिनी तांब्या आणि ताट घेऊन बाहेर आल्या. आमच्याकडे नवी गाडी दारात आली की घरची बाई चाकांवर पाणी घालते, हळद-कुंकू लावते. वहिनींनी सवयीने तेच केलं आणि टाकीवर ओल्या कुंकवाची पाच बोटं उमटवली. मॅट रंगावर! त्यावरचा डाग सहज निघत नाही. पण त्या इतक्या मनापासून करत होत्या, की मी त्यांना अडवलं नाही.

मी आत साडी नेसत असताना जामखेडची पाहुणेमंडळी आली. सगळे पुरुष गाडीभोवती जमले. फोटो निघाले, नवऱ्यामुलाच्या चुलत्याने वर बसूनही बघितलं. कुनाची ओ, त्यांनी विचारलं. दादाचं उत्तर मला खिडकीतून स्वच्छ ऐकू आलं.

"पाव्हन्यांपैकी कुनाची तरी असंल."

मी मांडवात जाऊन बायकांत बसले. प्राजू पाटावर होती. एकेक सवाष्ण उठून तिला कुंकू लावत होती आणि ताट पुढच्या बाईकडे देत होती. ताट माझ्या शेजारणीपाशी आलं आणि मला ओलांडून पलीकडे गेलं. कुणी काही वाईट बोललं नाही. अशा वेळी नवरा सोडलेल्या बाईला ओलांडून जायचं असतं, हे सगळ्यांना पाठ असतं. मी उठले.

"वहिनी, दारातल्या माझ्या गाडीला कुंकू लावलंत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "लोखंडाला चालतं आणि मला चालत नाही?"

दादा खाली बघत होता. मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग बाहेर गाडीकडे बघितलं. ही बाई आता उठून जाते की काय, असं मला वाटलं, आणि पहिल्यांदाच भीती वाटली. माझ्यासाठी नाही, पोरीसाठी. पण प्राजूने पाटावरूनच मान पुढे केली.

"आत्या, लाव. तुजं ऱ्हायलंय."

मुलाच्या आईने ताट माझ्यापुढे धरलं. आधी मी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग प्राजूला. तिचं जरा वाकडं लागलं. तिने ते पुसलं नाही.

पंगतीत लापशी आणि शिपी आमटी (डाळीची पातळ, झणझणीत आमटी) होती. मी दोनदा मागून घेतली. मुलाच्या चुलत्याने जेवता जेवता गाडीचं सगळं विचारून घेतलं, आता मलाच. दादा मात्र जेवला नाही आणि मी निघताना बाहेरही आला नाही.

परतताना ऊन कलतं होतं आणि रस्ता मोकळा होता. खूप वाटलं, दादाने एकदा तरी ‘बहिणीची’ म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा भाऊ आहे तो, आणि हे दुखतं, दुखणारच. पण त्याने ‘हो’ म्हणेपर्यंत मी ताडपत्रीखाली बसून राहणार नाही. जमलं नाही तर ज्या दारात यापुढे जायचं नाही असं म्हणून निघाले होते, त्या दारावर माझाही हक्क आहे, हे मला आता पक्कं कळलंय.

दादाचा अजून फोन नाही. प्राजूचा आला होता, लग्नाची तारीख धरलीय म्हणून. त्या दिवशी मी माझ्या तिघींतली लाल गाडी काढणार आहे. तिचा आवाज हिच्यापेक्षा मोठा आहे.