भागूमावशीची पंगत

जेवायला आलेल्या माणसाला भागूमावशी नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही. पदर कमरेला खोचून, दाराच्या चौकटीत भांडायला उभी राहिल्यासारखी उभी राहायची आणि विचारायची, “काय वाजवता?”

मी वालूरहून परभणीला शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रश्न माझ्या अंगावर आला. मी म्हणालो, “मी मास्तर आहे.” ती म्हणाली, “ते इचारलं न्हाई. वाजवता काय?” मी चाचरत म्हणालो, “थोडा तबला.” “थोडा मंजी? तबला वाजवता का डबा?” आतून हसण्याचा आवाज आला. मी जरा रागानेच सांगितलं की चांगला वाजवतो. “मग तसं सांगा की. जा, पेटीच्या बाजूला बसा. अन् उद्या येताना तबला घेऊन या, नुसत्या तोंडाच्या तबल्याला माझ्याकडं भाकर मिळत न्हाई.”

ही तिच्या खानावळीची रीत होती. ज्याने त्याने आपलं वाद्य आपल्या पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवायचं आणि त्याच्या पुढे बसायचं. कार्यक्रमात ज्याचं वाद्य आधी वाजतं तो पंगतीत आधी. म्हणून सनई पहिली, मग सारंगी, पेटी, तबला, ढोलकी, हलगी. ज्याला काहीच वाजवता येत नाही, गाताही येत नाही, तो दाराजवळ ‘ऐकणाऱ्यांत’. त्यात कापसाचे व्यापारी असत, कचेरीतले कारकून असत, आणि सगळे निमूट बसत, कारण तिच्यासारखी येसराच्या मसाल्याची आमटी आणि ज्वारीची गरम भाकरी गावात दुसरीकडे नव्हती. तमाशातल्या, कलापथकांतल्या बाया आत चुलीपाशी तिच्याबरोबर जेवायच्या.

आज हे वाचताना कुणाला गंमत वाटेल. गंमत नव्हती. त्या काळी खानावळीत आडनाव विचारत आणि आडनावाच्या आडून जात विचारत. काही हॉटेलांत बाहेरच्या खिळ्याला वेगळे कप टांगलेले असत. ज्याने प्यायचं त्याने स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा आणि परत टांगायचा. निजाम गेला, रझाकार गेले, कचेरीवर नवा झेंडा लागला, दुकानांच्या उर्दू पाट्यांवर नागरी पाट्या चढल्या. ते कप मात्र होते तिथेच राहिले. त्या कपांविषयी गावात कुणी चळवळ केल्याचं मला आठवत नाही, आणि हे लिहितानाही माझं डोकं तापतं आहे.

परभणी तेव्हा लहानच होतं, पण स्टेशनमुळे तिथे सगळी दुनिया उतरायची. मनमाडकडून नाटक कंपन्या येत, हैदराबादकडून कव्वाल येत. पत्र्याच्या टॉकीजमध्ये हिंदी चित्रपट लागायचे, मैदानात तमाशाचे तंबू पडायचे, उरुसात सगळ्यांची जत्रा व्हायची. रेल्वेतले तेलुगू कामगार, मारवाडी व्यापारी, दख्खनी बोलणारे शिंपी आणि पानवाले, खेड्यांतून शेळ्यामेंढ्या विकायला आलेले धनगर, सगळे एकाच रस्त्यावर. त्या रस्त्याच्या टोकाला भागूमावशीची खानावळ. कव्वाल मेहबूबभाई सकाळीच दारातून ओरडायचे, “आपा, आज खिचडी के साथ खट्टा है ना?” आणि ती आतून ओरडायची, “हाय, पर गळा बसला तर माझ्या नावानं बोंबलू नका!”

ती पिंगळीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. फिरत्या नाटक कंपनीतल्या एका पेटीवाल्याशी तिने लग्न केलं म्हणून माहेरचं दार बंद झालं. कंपनी परभणीत बुडाली, मालक पसार झाला, आणि नवरा पुढे पटकीने गेला. भाऊबंदांतलं कुणी आलं नाही. तिरडीला खांदा दिला तो मेहबूबभाईंनी आणि कंपनीतल्या उरल्यासुरल्या वाजवणाऱ्यांनी. त्यानंतर तिने चूल मांडली ती अशाच लोकांसाठी.

पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत गल्लीतली चार शहाणी माणसं तिला सांगायला आली होती, की मुसलमानाला पंगतीत घेऊ नका, दिवस वाईट आहेत. ही गोष्ट तिनेच मला पुढे सांगितली, तीही अशा आवेशाने की जणू ती माणसं अजून दारात उभी आहेत. “म्या मनलं, रझाकार येगळा अन् मेहबूब येगळा. माझ्या माणसाच्या मयताला ह्यो आला व्हता. तुमी कुठं व्हतात? घरात कडी लावून बसला व्हतात नव्हं? मग आता बी बसा.” ती माणसं गेली. मेहबूबभाई जेवत राहिले.

तिचा राग असा सरळ होता. ठेचा तिखट लागला म्हणून तक्रार करणाऱ्याला ती म्हणायची, “गोड खायचं आसंल तर सासुरवाडीला जा.” पुण्याकडच्या एका गवयाने भाकरी जाड आहे म्हणून बाजूला सारली, तर ती उचलून तिने दुसऱ्याच्या ताटात वाढली आणि गवयाला फक्त आमटी दिली. “गळ्याला पातळच बरं,” म्हणाली. कुणी लाडीगोडीने विचारलं की मावशी, शेजारी कोण बसलाय, तर तिचं उत्तर ठरलेलं: “चुलीला इचारा, तिला कुणाचं लाकूड हाय ते कळतं का?” आणि तरीही माणसाने तोंड वाकडं केलं, तर ताट उचलायची. मी माझ्या डोळ्यांनी एका अडत्याचं ताट भरल्या घासावरून उचललेलं पाहिलं आहे.

माझ्या शेजारी, एक ढोलकी सोडून, किसन बसायचा. तो आणि त्याचा थोरला चुलतभाऊ लिंबाजी, दोघे मातंग समाजाचे. लिंबाजीची सनई आणि किसनची हलगी यांच्याशिवाय आमच्याकडे नारळ फुटत नसे, लग्न लागत नसे, तमाशाची सुरुवात होत नसे. किसन कमी बोलायचा, पण हलगी हातात आली की त्याच्या मनगटाकडे बघत राहावं. ताल मी तबल्याच्या मास्तरांकडून शिकलो. लय म्हणजे काय ते मला किसनच्या शेजारी बसून कळलं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी गावात नवं नाट्यगृह झालं. समितीचे अध्यक्ष एक वकील होते, बोलायला गोड आणि कलेचे मोठे भोक्ते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांच्या नातवंडांनी माझं काही बिघडवलेलं नाही. मुंबईचे पाहुणे येणार होते. जेवण भागूमावशीचं असावं असं ठरलं, कारण येणाऱ्या कलावंतांनीच तसं कळवलं होतं. मावशीने वकिलांना घरी जाऊन विचारलं, “पंगत माझ्या रीतीनं बसंल. चालतंय का?” वकील म्हणाले, “अहो मावशी, तुमची रीत म्हणजे तर आमचं भूषण.” हे मी ऐकलं आहे. मी तिच्याबरोबर गेलो होतो.

सकाळी उद्घाटन झालं. लिंबाजीच्या सनईने पडदा उघडला, किसनच्या हलगीने पाहुण्यांना व्यासपीठापर्यंत आणलं. वकिलांनी भाषण केलं. कलेला जात नसते, धर्म नसतो, कलावंत हा फक्त कलावंत असतो, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुपारी मांडवात पंगत मांडली. मावशीने सांगितल्याप्रमाणे आम्ही आपापली वाद्यं पत्रावळींच्या मागे ठेवली आणि हात धुवायला विहिरीकडे गेलो. परत आलो तर वकील पंगतीत फिरत होते. पाहुण्यांना पहिल्या जागा हव्यात असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. लिंबाजीची सनई त्यांनी नोकराकरवी उचलून मांडवाच्या बाहेर ठेवली होती. मग ते हलगीपाशी आले. नोकर दुसरीकडे होता. वकिलांनी हातातली काठी हलगीच्या कड्यात अडकवली आणि कातड्याला हात लागू नये म्हणून ती काठीने ओढत, धुळीतून, बाहेर नेली. नेताना शेजारच्या पाहुण्यांना हसून म्हणाले, “यांची सोय बाहेर केली आहे. यांनाही तेच बरं वाटतं.”

किसन माझ्या शेजारी उभा होता. त्याने धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि खाली बघितलं. मला वकिलांची ती काठी हिसकावून घ्यावीशी वाटली, आणि खरं सांगतो, आजही वाटते.

आमटीचं पातेलं घेऊन मावशी आली ती समोरूनच. तिने सगळं पाहिलं होतं. पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, “वकीलसाहेब, वाद्याला काठी लावली?”

वकील म्हणाले, “मावशी, गैरसमज नको. चामड्याचं आहे ते, जेवणाच्या जागी...”

“चामड्याचं?” तिचा आवाज सगळ्या मांडवात गेला. तिने माझ्या तबल्याकडे बोट केलं. “अन् ह्यो? ह्यो काय कापसाचा हाय? ह्याला तुमी अत्तर लावता, गादीवर ठिवता. ह्याचं कातडं काय झाडाला लागलं व्हतं? सकाळी त्याच्या हलगीमागं वरातीतल्या नवऱ्यावानी चालत आलात, तवा नाक झाकलं न्हाई ते?”

कुणीतरी “जाऊ द्या मावशी” म्हणालं. हे ‘जाऊ द्या’ म्हणणारे प्रत्येक मांडवात असतात. मला काठीवाल्यांपेक्षा त्यांचाच जास्त राग येतो.

मावशीने पदर खोचला, पातेलं उचललं आणि मांडवाच्या बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवलं. मग भाकरीची दुरडी, मग भाताची परात. मेहबूबभाईंनी वरणाचा हंडा उचलला. बाहेर धुळीत तिने सनई झटकून ठेवली, शेजारी हलगी पदराने पुसून ठेवली आणि ओरडली, “पंगत हितं हाय! ज्याला भूक आसंल त्यानं यावं. आत नुसत्या पत्रावळी हायत, त्या खावा!”

आम्ही वाजवणारे सगळे बाहेर गेलो. सारंगीवाले म्हातारे होते, तेही आले. मुंबईच्या पाहुण्यांपैकी एक नट येऊन बसला. ऐकणाऱ्यांतले मात्र फारसे आले नाहीत. जी माणसं वर्षानुवर्षं तिच्या दारात किसनच्या पंक्तीला जेवली होती, ती वकिलांच्या डोळ्यांदेखत रिकाम्या पत्रावळींपुढे बसून राहिली. किसनने एक घास घेतला आणि ताटावर हात धरला. मावशीने त्याला आग्रह केला नाही.

खानावळीची जागा वकिलांच्या मेहुण्याची होती. एवढं सांगितलं की पुढचं कळतं. पावसाळ्याच्या आत तिला जागा सोडावी लागली. दुसरी जागा गावात कुणीही दिली नाही. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाला अचानक दुकान टाकायचं होतं. आम्ही काही मास्तर आणि वाजवणारे दारोदार फिरलो. सगळे म्हणायचे, बाई देवमाणूस आहे हो, पण तोंड फार वाईट. गावाला तिच्या तोंडाचा त्रास होता. काठीचा कुणालाच नव्हता.

येलदरीला धरणाचं काम सुरू झालं होतं. मावशी तिकडे गेली आणि मजुरांच्या वस्तीत पत्र्याची शेड टाकून भाकऱ्या थापू लागली. किसनही तिकडेच गेला होता, खडी फोडायला.

इकडे नाट्यगृहाची पंचाईत झाली. कंपन्या यायच्या, जेवणावरून कुरकुर करायच्या, आणि मावशी कुठे आहे म्हणून विचारायच्या. एका कंपनीने तर यायचंच नाकारलं. तेव्हा वकिलांनी मला बोलावलं. म्हणाले, “मास्तर, तुमचं ती ऐकेल. जागा परत देतो. झालं गेलं विसरून जा म्हणावं. मी स्वतः तिची माफी मागतो, चारचौघांत मागतो.” मला बरं वाटलं. मला वाटलं, जिंकलो.

येलदरीला पोचलो तेव्हा मावशी दगडी चुलीपुढे बसली होती. उन्हाने काळी पडली होती. मी सगळं सांगितलं. भाकरी उलटत तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “किसनला कोण इचारायला गेलं?”

मी म्हणालो, “कुणी नाही.”

“काठी कुणाच्या वाद्याला लावली?”

“किसनच्या.”

“अन् माफी माझी मागायलेत.” तिने भाकरी आरावर उभी केली. “मास्तर, माझी माफी सोपी हाय. म्या त्यांच्या घरी जाऊन बसले तरी त्यांचं घर बाटत न्हाई. त्यांना मनावं, किसन तिकडं खडीवर हाय. तिथं जावा, त्याच्या म्होरं उभं राहावा. त्यो मनला तर म्या उद्या येते. न्हाई मनला तर मला बोलवू नका. नाट्यगृह उपाशी राहिलं तरी चालंल.”

मी खडीवर गेलो. किसनने हातोडा खाली ठेवून माझी विचारपूस केली, तबल्याचं विचारलं. निरोप ऐकून म्हणाला, “ते यायचे न्हाईत, मास्तर. पर आले तर बोलंन की म्या. पळून थोडाच जायलोय?” त्याची हलगी वस्तीतच होती. रविवारी तो मजुरांसाठी वाजवत असे, हे मला मावशीने सांगितलं.

परत येऊन मी वकिलांच्या बैठकीत, चार अशिलांसमोर, निरोप जसाच्या तसा सांगितला. येलदरीची मोटार सकाळी सुटते, हेही सांगितलं. वकील हसले. “मास्तर, तुम्ही फारच भाबडे. अहो, त्याच्याकडे मी कसा जाणार?” अशीलही हसले. त्या हसण्यात राग नव्हता, द्वेष नव्हता. मी काहीतरी अशक्य, लहान मुलासारखं बोललो होतो, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात येलदरीत हिवतापाने भागूमावशी गेली. खांदा द्यायला किसन होता, लिंबाजी होता, धरणावरचे तेलुगू मजूर होते. बातमी परभणीला आली तेव्हा समितीने नाट्यगृहात तिची शोकसभा घ्यायचं ठरवलं आणि दोन शब्द बोलायला मला बोलावलं. मी कळवलं, बोलतो. पण वकीलसाहेब आधी येलदरीला जाऊन येऊ देत.

ती शोकसभा झाली नाही.