सत्त्याऐंशीनं भागलेलं घर

पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू सत्त्याऐंशीनं भागून पाहणारा माणूस साऱ्या बेळगावात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा मामांनी मला दारातच उभं करून मोजायचा टेप लावला आणि म्हणाले, “जावईबापू, तुमी दोन सेंटीमीटरला जरा कमी पडताय.” कशात कमी पडलो हे मला कळेना. बायकोकडे पाहिलं, तर ती हसत आत निघून गेली. पुढे समजलं, की मामा माडीवर खेळण्यातली रेल्वे बांधतात. ‘खेळण्यातली’ हा शब्द मी एकदाच उच्चारला. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

माडीवर होतं खानापूरच्या रानातलं, मीटरगेजच्या काळातलं एक बारकं स्टेशन आणि त्याच्या अलीकडचं फाटक. सगळं मूळ मापाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात. मामांचे वडील त्या फाटकावर गेटमन. फाटकाजवळच्या एका खोलीत मामा आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, जन्मले. मामा दीड वर्षाचे असताना आई गेली. तिचा फोटो नाही, मामांना तिचं काही म्हणता काही आठवत नाही. पुढे रूळ रुंद झाले तेव्हा ती खोलीही पाडली. आक्का आता कणकुंबीला असतात. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरलेला, तेव्हा नजर जायच्या आत त्यांना ती खोली दाखवायची, एवढ्यासाठी मामांचा हा सगळा खटाटोप. इथपर्यंत मला कळत होतं. पण त्यासाठी काकतीहून आणलेली खडीची कच रव्याच्या चाळणीनंच का चाळायची, हे ना मला उमगलं ना मामींना. “शिऱ्यात कचकच लागली की समजायचं, रूळ टाकायला घेतल्यात,” मामी म्हणायच्या.

मामांचा नियम कडक. एक तर फोटो पाहिजे, नाहीतर तीन साक्षीदारांचं एकमत. त्यांच्याकडे खोलीचा एक पिवळा पडलेला फोटो होता. बाकी सगळं साक्षीवर, वहीत टिपलेलं. स्टेशनच्या पाटीवर वरचं नाव कोणत्या भाषेत होतं, हे विचारायला मामांनी त्या भागातले तीन म्हातारे एकत्र बसवले. एक म्हणाला मराठीत, दुसरा म्हणाला कन्नडमध्ये. दोघं हमरीतुमरीवर आले, तेव्हा तिसरा म्हणाला, पाटीच नव्हती. मामांनी कोरी पाटी लावली. “ह्येंचं मिटू दे, मग रंगवतो,” म्हणाले. पाटी अजून कोरीच आहे.

भागाकाराची सवय इतकी, की स्वयंपाकघराच्या नव्या खिडकीचं मापसुद्धा त्यांनी भागूनच दिलं. खडेबाजारातला सुतार चिठ्ठी घेऊन दारात हजर. “मामा, अर्ध्या इंचाच्या खिडकीतनं तुमी बघणार का मुंगी?” मामांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

“आक्कांना आणा आता,” मामी सांगून थकल्या. पण फाटकाचा दांडा तांबड्या पट्ट्यानं सुरू होतो का पांढऱ्या, ते ठरायचं होतं. ते ठरलं तर कौलांचा रंग, तो ठरला तर कंदिलाची बाजू. मीही खुळ्यासारखा दोन रविवार साक्षीदार शोधत हिंडलो. मधेच कणकुंबीहून फोन आला, की आक्कांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मामा त्यांना घेऊन आले. मी धरून धरून माडीवर चढवलं. सगळे दिवे लागलेले, फाटक वर, आणि मामा शाळेत उत्तर चुकलेल्या पोरासारखे उभे.

“उशीर केलो गं आक्का,” एवढंच म्हणाले.

“गप रं. हात लावू दे मला.” आक्कांची बोटं रुळांवरून सरकत खोलीपाशी आली. उंबरा, कौलं, दार, सगळं त्यांनी चाचपलं. “व्हय, हीच. आनि दोरी कुठं हाय?”

“कसली दोरी?”

“दारापासनं आंब्यापतोर. आईचं लुगडं वाळत असायचं. तू खाली बसून पदर वडायचास, आनि मार खायची मी.”

मी मामांकडे पाहिलं. फोटोत दोरी नव्हती, साक्षीदार एकच, आणि तोही त्या वेळी सहा-सात वर्षांचा. आता वही निघणार, उलटतपासणी होणार, असं मला वाटलं.

“रंग कुठला गं?” मामांनी विचारलं.

“हिरवा. काठ तांबडा.”

मामांनी वही काढली नाही. “कात्री आन,” एवढंच मामींना म्हणाले. मामींच्या हिरव्या खणाची एक पट्टी त्यांनी कापली, न मोजता, न भागता, आक्कांच्या बोटांना लागेल एवढी. दारापासून एक दोरा ताणून त्यावर टाकली तर ती खोलीच्या दारापेक्षा मोठी दिसायला लागली. माप सपशेल चुकलं होतं, हे मलासुद्धा कळत होतं. मला रडू का येतंय ते मात्र कळेना.

आक्कांनी पट्टी चाचपली आणि मान हलवली. त्यांचा हात बाजूला झाल्यावर मामा गुडघे धरत खाली बसले, पट्टीचं टोक दोन बोटांत धरलं आणि हळूच ओढून पाहिलं.