पिंपांवरचे शब्द

अर्धवट कळलेला एखादा शब्द आपल्या हिराचा घात करील, ही धास्ती मंगलाबाईंची पाठ सोडत नव्हती. सत्त्याऐंशी साल. माकुणसारला मराठी शाळेत शिकलेली मुलगी बोईसरच्या रसायनांच्या कारखान्यात लागली होती, गोदामात आलेली पिंपं उतरवून घ्यायच्या कामावर.

पिंपांवर इंग्रजी चिठ्ठ्या असत. त्यांतले शब्द हिरा वहीत उतरवून आणी आणि भाजी निवडणाऱ्या आईपुढे वही धरी. मंगलाबाई बी. ए. झालेल्या, पण काही शब्दांपुढे त्याही हात टेकत. हिरा नुसती घोकंपट्टी करत नसे. 'व्होलटाइल' म्हणजे हातावरचं स्पिरिट क्षणात उडतं तसं, अशी तिची रीत.

'एक्झोथर्मिक' घरातल्या डिक्शनरीत सापडेना. रविवारी ती पालघरला, विज्ञानाच्या जुन्या सरांकडे गेली.

"चुनकळीवर पाणी ओतलंस की काय होतं?" सरांनी विचारलं.

"रटरटते. डब्याला हात लावता येत नाही."

"तेच. उष्णता बाहेर टाकते."

हिराने वही उघडली. नव्या पिंपांवर हाच शब्द होता, 'वॉटर'च्या जोडीने. आणि ती रचली होती नळाशेजारी! गोदामात सगळे झाकणाचा रंग बघून माल लावत. निळं झाकण म्हणजे पाण्याचं भय नाही. पण हा माल नव्या कंपनीकडून आला होता. तिची झाकणं सरसकट निळी.

सोमवारी तिने हे सांगितलं, तर गोदामातला सगळ्यांत जुना कामगार देवू हसला. "आमी धा वर्सं झाकनंच बगतो, पोरी. तू काय मास्तरीन हाय?"

"देवूकाका, तुमचे डोळे शाबूत राहावेत म्हणून वाचते."

"मंग हलव बाय, तुज्याच हातानं. माजी कंबर नाय चालत."

सुपरवायझरने मात्र पिंपं हलवू दिली नाहीत. "माल नीट लागला म्हणून आवक-पावतीवर सही कर, नाहीतर घरी बस."

हिराने सही केली नाही. दुपारीच घरी आली.

"माफी माग गं," मंगलाबाई काकुळतीला आल्या. "मीच बोलते सुपरवायझरशी. पोर आहे, चुकली, म्हणते."

"चुकले कुठे? नोकरी जायची तर जाऊ दे. पण पिंपं तिथंच आहेत, आई. उद्या सकाळी देवूकाका त्याच नळावर फरशी धुणार."

मंगलाबाईंनी हिराचं नेमणुकीचं पत्र काढलं आणि वरचा नंबर बोटाने धरला.

"हा मोठ्या साहेबांचा ना? मराठी येतं त्यांना?"

"नाही."

"मग इंग्रजीत बोलेन. अडले तर तू शब्द सांग." त्यांनी चपला पायात सरकवल्या. फोन शेजारच्या इंदुबाईंकडे होता. "आधी पिंपांचं बोलायचं. नोकरीचं त्यांनी विचारलं तर."