गिरणीच्या खोलीतला रविवार

शनिवारी संध्याकाळी दत्तूभाऊजी आमच्या दारात आले, पण आत आले नाहीत. उंबऱ्यावरच टेकले. मी चहा टाकते म्हटलं तर हातानंच नको म्हणाले. "वहिनी, लई थकलो बगा." मी म्हटलं, "मग उद्या राहू द्या. एक रविवार गिरणीची खोली न्हाई उघडली तर काय होतंय?" ते किल्ली चाचपत उठले. "लोक येऊन परत जातील ना..." एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या खोलीला कुलूप दिसलं म्हणून त्यांचे दोस्त रहीमभाई त्यांच्या घरी गेले आणि तिथून थेट माझ्याकडे आले. दारात उभे राहून नुसती मान हलवली. मला कळायचं ते कळलं. भाऊजी झोपेतच गेले होते.

दत्तूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात त्यांना नावानं हाक मारणारे थोडेच. सगळ्यांसाठी ते 'कंडक्टर'. उभी हयात एसटीत काढली. बायको लवकर वारली, मुलगी लातूरला दिली. घरी एकटेच. निवृत्त झाल्यावर सकाळी ओढ्याकडं फिरायला जायचे आणि तिथला उकिरडा बघून वैतागून यायचे. एकदा तिथून मिक्सर उचलून आणला. रहीमभाई त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांचं स्टँडजवळ मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. रहीमभाईंनी तो उघडला, आतली तुटलेली वायर जोडली, आणि मिक्सर फिरायला लागला. "एवढ्यासाठी टाकला बे लोकांनी!" असं भाऊजी दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.

तिथून ते सुरू झालं. माझे मालक गेल्यापासून आमची पिठाची गिरणी बंदच होती. ती खोली भाऊजींनी झाडून घेतली. दर रविवारी तिथं यायचं, घरातली मोडकी वस्तू आणायची, आणि दुसऱ्याकडून शिकून ती स्वतःच्या हातानं नीट करायची. मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली, मला गोधडी आणि रफू येत होतं, ते मी शिकवायचे. रहीमभाई मिक्सर-पंखे शिकवायचे, कुणी खाटेची सुतळी विणायला शिकवी, कुणी कुकरचं हँडल बसवायला. भाऊजींना यातलं काहीच येत नव्हतं. त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला की स्क्रूच हरवायचा. त्यांचं काम माणसं गोळा करायचं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, गाडी सुटायच्या आधी ओरडावं तसं ओरडायचे, आणि बाया हसत हसत यायच्या.

मग रहीमभाई यायचे बंद झाले. भाऊजी बोलवायला गेले, मीही सोबत होते. रहीमभाई हातातलं काम न थांबवता म्हणाले, "दत्तू, तू पेन्शनवाला हायेस बे. तुला फुकट वाटायला जमतं. माझा हुनर हाच माझा गल्ला हाय. सगळ्या गावाला शिकवला, तर मी काय खाऊ?"

त्या रविवारपासून भाऊजींनी मिक्सर-पंखे घेणं बंद केलं. फक्त शिवणाचं आणि सुतळीचं काम चाललं. पण रोज संध्याकाळी ते रहीमभाईंच्या दुकानापुढं स्टुलावर जाऊन बसायचे. मागायचं काही नाही, बोलायचंही नाही. शेवटी रहीमभाईच कावले. "काहून बसतो बे नुस्ता? गिऱ्हाईक बिचकतंय!" मग त्यांनीच तोडगा काढला. मोटरीच्या तारा गुंडाळायचं वाइंडिंग शिकवणार नाही, ते दुकानातलं काम. वायर, प्लग, बटन, एवढं शिकवीन. "एवढं आलं तरी लोक वस्तू फेकणार न्हाईत. मोठं काम निघालं तर माझ्याकडंच येतील." भाऊजींनी त्यांचे दोन्ही हात धरले.

हे सगळं गोड झालं असं लिहावंसं वाटतं, पण तसं झालं नाही. काही वर्षं खोली भरलेली असायची. मग नवे मिक्सर असे येऊ लागले की ते उघडताच येईनात. लोकांना शिकायचा कंटाळा येऊ लागला. फुटक्या खुर्च्या, उडालेले बल्ब, पोती भरून दारात टाकून जायचे. भाऊजी परत न्यायला सांगायला गेले तर माणसं रुसायची. "कंडक्टर, तुमीच म्हणलं ना, टाकू नका म्हणून? मग घ्या की!" मीही थकले. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. रहीमभाईंचा मुलगा पुण्याला गेला, दुकान चार दिवस उघडं तर चार दिवस बंद. कधी कधी रविवारी आम्ही तिघंच असायचो. रहीमभाई डुलक्या घ्यायचे, मी गोधडीसाठी फाटक्या साड्यांच्या पट्ट्या काढत बसायचे, आणि भाऊजी दाराबाहेर उभे, रस्त्याकडं बघत. ओरडणं केव्हाच थांबलं होतं.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी लातूरला परत जाताना म्हणाली, "काकू, बाबांचे कपडे तुम्हीच बघा. कुणाला द्यायचे ते द्या." मी गाठोडं सोडलं. धोतरं, स्वेटर बाजूला काढले. सदरे मात्र कुणाला देण्याजोगे नव्हते. नवी कुणी शिकायला आली की भाऊजी तिच्यापुढं आपलाच सदरा टाकायचे. "माझा बिगडला तर बिगडू दे, तुझ्या पोराचा नको." एका सदऱ्याला सहा बटनं, सहाही वेगळ्या रंगाची. कोपरावर तिरकं ठिगळ, खिशाला काळ्या दोऱ्याचं जाडं रफू. हाच सदरा घालून ते पुतण्याच्या लग्नात मांडवभर फिरले होते, आणि मी डोळे वटारले तर हसले होते.

खालच्या एका सदऱ्याच्या बाहीवर अर्धवट शिवण होती. चार टाके वेडेवाकडे, पाचवा जरा सरळ, आणि तिथंच खोचून ठेवलेली सुई. ही कुणाची, किती आठवलं तरी आठवेना. ती बाई नंतर आलीच नसावी, आणि भाऊजींनी सदरा तसाच ठेवला, ती येईल म्हणून...

मी चष्मा पुसला, दोरा बोटावर घेतला. पुढचा टाका घालवेना. सदरा घडी करून गिरणीच्या खोलीत नेला आणि सुई वर राहील असा ठेवला. जिची शिवण आहे तिनं येऊन पुरी करावी. रविवारी मी दार उघडं ठेवते. जमेल तितके दिवस.