गाभण वटवाघळाचं वजन

सायबुआ म्हातारीचं कौतुक मला सांगू नका. गावात विचाराल तर सगळे एका सुरात सांगतील, चाळीस वर्षं सुईणपण केलं, हात असा हलका की बाळाला कळतसुद्धा नाही. असेल. पण आमच्या गुहेतली वटवाघळं तोलायचा काटा अकरा वर्षं माझ्या हातात होता, आणि तो तिने दोन संध्याकाळींत घेतला.

हे वटवाघूळ अंगठ्याच्या पेराएवढं. वजन दोन ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चिंचोके धरा. दिवस मावळताना ती बाहेर पडतात तो अर्धा तास आपला. जाळीतून अलगद सोडवायचं, कापडी पिशवीत घालून काट्याला टांगायचं, रिकामी पिशवी धरूनच काटा शून्यावर लावलेला असतो, तो वाचून आकडा सांगायचा. वटवाघळांचा अभ्यास करायला बँकॉकहून येणाऱ्या बाईंनी सायबुआचे हात पाहिले आणि म्हणाल्या, "आजी, काटा तुम्हीच धरा. थोंगदी, तू लिहून घे."

मी लिहून घ्यायचं! नुसता जळफळाट झाला माझा.

सोंगक्रान, आमचा नव्या वर्षाचा सण, जवळ आला तशा जाळीत गाभण माद्या येऊ लागल्या. आता आमच्याकडे बाळाला कुणी गोंडस म्हणत नाही, जड तर नाहीच. भुतांनी ऐकलं तर उचलून नेतात. सायबुआने जन्मभर टपोऱ्या बाळांना नावं ठेवलेली. इथे काटा अडीचवर जायचा आणि ही म्हणायची, "शी, काय ध्यान! नुसती काडीपैलवान. दोन."

काटा मला स्वच्छ दिसत होता. मी दोन लिहिलं.

"लिहिलंस ना रे?"

"तुम्ही सांगाल तेच लिहितोय, मावशी."

अशा चौदा माद्या. चौदाही वेळा मला मनातून गुदगुल्या झाल्या.

बाईंनी वही पाहिली आणि चक्रावल्या. "पोटात पिल्लू असलेल्या माद्या मोकळ्यांएवढ्याच कशा भरल्या?"

सायबुआने हात जोडले. "चूक माझी. खरा आकडा मोठ्याने सांगवेना." माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. चौदा नोंदी फुकट गेल्या. काटा माझ्याकडे आला आणि वही तिच्याकडे. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या संध्याकाळी पहिलीच मादी निघाली टच्च पोटाची. काटा अडीचच्याही पुढे. घरी माझ्या मुलीला सातवा महिना होता आणि तिचं आधीचं एक गेलेलं. मी तोंड उघडलं आणि ऐकतो तर काय, माझ्याच तोंडून निघालं, "शी, काय ध्यान! दोन."

बाई पलीकडच्या जाळीपाशी होत्या. आता सायबुआ त्यांना हाक मारणार, आणि काटा गेला.

सायबुआ पुढे वाकली, चष्मा सावरून काटा वाचला आणि वहीत दोन पूर्णांक सहा दशांश लिहिलं. "तुला म्हणायचं ते म्हण बाबा," ती हळूच म्हणाली, "मी काटा बघून लिहिते."

एवढंच करायचं होतं. चौदा वेळा पेन्सिल माझ्या हातात होती आणि मी ते केलं नाही. तिचा हेवा कमी व्हायचा सोडून त्या दिवसापासून जास्तच वाटतो.