खाली बस म्हणेपर्यंत

बी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकवतात तेव्हा कागदावर मधोमध उभी रेघ मारायला लावतात. डावीकडे शिक्षक काय बोलणार ते लिहायचं, उजवीकडे विद्यार्थी काय बोलणार ते. म्हणजे मुलं अजून आपापल्या घरी झोपलेली, त्यांनी आपलं तोंडही पाहिलेलं नाही, आणि त्यांची उत्तरं आपण आदल्या दिवशीच लिहून मोकळे. माझ्या टाचणातली मुलं भारी हुशार होती. ती कधी चुकायची नाहीत, ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ असं विचारायची नाहीत. सरावपाठाला खरी मुलं समोर आली की भलतंच काहीतरी बोलायची आणि मला राग यायचा. अरे, उजवीकडे असं लिहिलेलं नाहीये!

पुढे मुलाखतींना जायला लागले. खासगी शाळा मुलाखती घेतात त्या मे महिन्याच्या सुट्टीत. वर्गात चिटपाखरू नसतं. मागच्या बाकांवर मुख्याध्यापिका, पर्यवेक्षिका, संस्थेचं कुणीतरी असे बसतात आणि म्हणतात, “समोर मुलं आहेत असं समजा आणि डेमो द्या.” मी समजायचे. प्रश्न विचारायचे, उत्तर स्वतःच देऊन टाकायचे, शाब्बास म्हणायचे आणि गाडी पुढे. सानपाड्याला घेतलं नाही, बेलापूरला घेतलं नाही. एका शाळेतल्या वयस्कर मुख्याध्यापिका मात्र माझ्यामागून जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “शिकवता छान हो तुम्ही, पण मुलांना बोलूच देत नाही.”

मी आधीच तापलेली. म्हटलं, “मॅडम, मुलं होती कुठे?”

“नसली तरी थांबायचं. थांबल्याशिवाय बोलणार कोण?”

तेव्हा वाटलं, बाईंचं वय झालंय. पण त्या वर्षी मला हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. बाबांनी सांगून टाकलं होतं, या जूनपर्यंत शाळा मिळाली तर ठीक, नाहीतर बिल्डर असलेल्या चुलतभावाच्या ऑफिसात बसायचं, फ्लॅट बघायला येणाऱ्यांना पाणी द्यायचं आणि ब्रोशर दाखवायचं. आमच्या करावे गावातल्या निम्म्या शिकलेल्या मुली अशाच कुणाच्या ना कुणाच्या ऑफिसात बसलेल्या आहेत. मला वर्गात उभं राहायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही सुचलंच नव्हतं.

सरावाला जागा मात्र फुकट होती. सिडकोनं गावाच्या जमिनी घेतल्या त्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत दिलेला प्लॉट बाबांनी बिल्डरला दिला, त्यात आमच्या वाट्याला एक फ्लॅट आला. खाडीच्या बाजूला, गावापासून चालत जाण्याजोगा. आधीचे भाडेकरू निघून गेले होते, नवे जूनमध्ये यायचे होते. मामाचा मंडपाचा धंदा, त्यानं प्लास्टिकच्या खुर्च्या आणून टाकल्या. मी त्या हॉलमध्ये रांगेनं मांडल्या, भिंतीला गुंडाळी फळा टांगला आणि रोज दुपारी तिथे जायला लागले. आई मासळी विकून तेव्हा घरी आलेली असायची. जेवायला वाढताना एकदाच म्हणाली, “कंच्या बिल्डिंगीत जातेस गो? ती खाडीकडची? तिथं उधानाला पानी यायचं.” आणि आमटी वाढून आत गेली.

पाठ निवडला भूगोलाचा, भरती-ओहोटी. घरचा विषय, म्हटलं चुकायची भीती नाही. टाचणातला पहिला प्रश्न होता : ओहोटीला पाणी कुठे जातं? उजवीकडे लिहिलं होतं, ‘मुले सांगतील – मागे, समुद्रात.’ पुढे चंद्र, गुरुत्वाकर्षण, सगळं रांगेनं.

सुरुवातीला मुलांची उत्तरं मीच आवाज काढून द्यायचे. मोठी घोडी झालेली मी, रिकाम्या हॉलमध्ये बारीक आवाजात “बाई, समुद्रात!” म्हणत होते. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. मग त्या मुख्याध्यापिकांचं बोलणं आठवलं आणि आवाज काढणं बंद केलं. प्रश्न विचारायचा आणि नुसतं थांबायचं.

रिकाम्या खोलीत प्रश्न विचारून थांबणं काय असतं, ते केल्याशिवाय कळत नाही. पहिले काही दिवस हसू यायचं. मग कंटाळा यायचा. मग एक दिवस लक्षात आलं, की प्रश्न विचारल्यावर खोलीतला आवाज बदलतो. खाली रिक्षा चालू असतात, बाजूच्या इमारतीत फरशी कापण्याचं मशीन चालू असतं, पण ते सगळं लांब गेल्यासारखं होतं. खुर्च्या ऐकतात. मला दुसरा शब्द सापडत नाही. आणि मग उजव्या बाजूची उत्तरं आपोआप यायला लागली, जशी लिहिली होती तशी, ‘समुद्रात, बाई’, ‘मागे, बाई’. माझ्याच डोक्यातली, हे मला माहीत होतं. वेड्यासारखं वागत होते, पण वेड लागलेलं नव्हतं.

तो दिवसही इतर दिवसांसारखाच होता. मी विचारलं, “ओहोटीला पाणी कुठे जातं?” आणि थांबले. खिडकीतून खाजणातल्या, खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलाचा वास आला. ओहोटी असली की तो येतोच, त्यात नवल नाही. मागच्या रांगेत खिडकीजवळ एक खुर्ची होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं. तिथून उत्तर आलं.

“इथून गेलं, बाई. परत आलंच नाय.”

आवाज कानानं ऐकला असं शपथेवर सांगणार नाही. पण हे मी लिहिलं नव्हतं. डाव्या बाजूलाही नाही, उजव्या बाजूलाही नाही. बारीक आवाज होता, मुलीचा, आणि उत्तर देणारी उभी होती. ते का वाटलं माहीत नाही, पण उभीच होती. माझ्या हातातून खडू पडला. मी पर्स उचलली, दाराला कुलूप लावलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली आले.

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं वाटत होतं. पण मुलाखत आठवड्यावर आली होती, खारघरच्या एका शाळेत, आणि त्यानंतर दुसरी कुठली नव्हती. गेले. तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. नाशिककडच्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, “तुमचा क्लास छान चालतो हं. मुलं कशी गपचीप असतात! आमच्या वेळी नव्हतं असं.” मी कसनुसं हसले. त्या पुढे म्हणाल्या, “फक्त त्या एका मुलीला जरा मोठ्यानं बोलायला सांगा. तेच तेच सांगत असते बिचारी, पण नीट ऐकूच येत नाही.”

“मीच मुलांचे आवाज काढते, काकू,” मी म्हटलं. आवाज काढणं बंद करून बरेच दिवस झाले होते.

“तुम्ही नव्हे हो,” काकू म्हणाल्या. “काल तुम्ही खाली उतरून गेलात ना, त्यानंतर.”

मी वर गेलेच नाही. सरळ घर गाठलं. आई ओट्याशी कोळंबी सोलत होती. भीतीपोटी माणूस बडबडतो तशी मी सगळं सांगून टाकलं, खुर्च्या, वास, काकू. आई सोलत ऐकत होती. मध्येच म्हणाली, “रिकाम्या घरात एकटी बोलशील तं अजून काय व्हईल.” मग मी ते उत्तर सांगितलं.

आईचे हात थांबले.

“पुन्ना बोल,” ती म्हणाली.

“इथून गेलं, बाई. परत आलंच नाय.”

आईनं कोळंबीचं ताट बाजूला सरकवलं. तिनं मला स्वतःच्या शाळेबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. चौथीत शाळा सुटली, एवढंच माहीत होतं, आणि घरची गरिबी म्हणून सुटली असेल हे आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी ती सांगायला लागली, जमिनीकडे बघत.

“तवा भराव टाकायचं काम चालू झालं व्हतं. डंपरवर डंपर. आमच्या दारी येनारं पानी एक दिवस गेलं, ते मंग आलंच नाय. शाळेत घाटावरच्या बाई व्हत्या. त्यांनी इचारलं, व्हटीला पानी कुठं जातं? म्या हात वर केला. उभी ऱ्हायले आनि हेच बोलले. समदी पोरं हासली. बाईंना वाटलं, म्या मस्करी केली. बोलल्या, तशीच उभी ऱ्हा.”

“मग?”

“मंग काय. घंटा झाली. बाई गेल्या. मला बस म्हनायचं इसरल्या. म्या उभी. शिपाई कुलूप लावाया आला तवा बोलला, घरी जा गो. दुसऱ्या दिवशी आयसंगती कालवं फोडाया गेले. पुन्ना शाळेत कोन जातंय?”

आई तर माझ्यासमोर जिवंत बसलेली होती, हाताला कोळंबीचा वास येत होता. मग मागच्या रांगेत कोण उभं होतं? मेलेली माणसं येतात असं गावात पुष्कळ ऐकलंय. जिवंत माणसाचं काही मागे राहतं, असं कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या उभ्या पोरीची कीव आली, आणि त्या बाईंचा इतका राग आला, की त्या भेटल्या असत्या तर वयाचा मान ठेवला नसता.

आईनं ताट पुन्हा पुढे ओढलं. तिला काही नवल वाटलं नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटली. “आता आली ना, तं तिला बस म्हन,” ती म्हणाली. “पाय दुखत असतील तिचं.”

मला त्या फ्लॅटमध्ये एकटीनं जायचं धाडस झालं नाही. मुलाखतीपर्यंत गेलेच नाही.

खारघरची ती शाळा उंच इमारतींच्या मधोमध आहे. वर्ग एसीचा, बाक नवे, काचेतून डोंगर दिसतो. खाडी कुठल्या कुठे. मला हायसं वाटलं. मागे मुख्याध्यापिका, त्यांच्या बाजूला पर्यवेक्षिका आणि संस्थेचे एक गृहस्थ बसले. पर्यवेक्षिकांनी आपली पर्स खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर ठेवली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “समोर मुलं आहेत असं समजा.”

मी प्रश्न विचारला. “ओहोटीला पाणी कुठे जातं?” आणि थांबले.

एसीचा आवाज लांब गेला. बंद खिडक्यांच्या त्या वर्गात खाजणाच्या चिखलाचा वास आला. पर्यवेक्षिकांनी नाकाला रुमाल लावला, हे मी स्वतः पाहिलं. आणि त्या शेवटच्या बाकाशी ती उभी राहिली.

मला सगळं कळत होतं. टाचणाची प्रत त्यांच्या हातात होती, उजवीकडे ‘मागे, समुद्रात’ लिहिलेलं होतं. ते म्हणायचं, चंद्राकडे वळायचं, की नोकरी माझी. दुसरं उत्तर घेतलं तर ‘विषयज्ञान कच्चं’ असा शेरा बसणार आणि मी जूनपासून चुलतभावाच्या ऑफिसात. ती वाट बघत होती, आणि मला एकदम तिचे पाय आठवले.

“पुन्हा सांग,” मी म्हटलं. “मोठ्यानं. कुणी हसणार नाही.”

तिनं सांगितलं. मी फळ्यावर लिहिलं : इथून गेलं, परत आलं नाही. आणि त्या बाकाकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे. शाब्बास. खाली बस.” मग मुलांना सांगितलं, की भरतीचं पाणी यायला जागा लागते, ती जागा भरून टाकली तर चंद्रानं कितीही ओढलं तरी पाणी तिथे येत नाही. आपण बसलोय त्या गावांमधून असं बरंच पाणी गेलंय. आता न भरलेल्या जागी ते रोज कसं येतं-जातं ते पाहू. आणि चंद्राकडे वळले.

पाठ संपला. मग मुख्याध्यापिकांनी टाचणावर बोट ठेवलं. “हे उत्तर इथे नाही. कोण म्हणालं?”

मी शेवटच्या बाकाकडे हात केला. “ती.”

तिघांनीही वळून बघितलं, बराच वेळ. तेव्हा पर्यवेक्षिका म्हणाल्या, “मी मघाशीच पर्स उचलली. तुम्ही बस म्हणालात तेव्हा.” पर्स त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

निवड झाल्याचा फोन मी स्टेशनला पोचायच्या आतच आला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, रस्त्यातच रडले.

घरी आले तर आई दारात उभी होती. शेजारीण म्हणाली, “दुपारपासून अशीच उभी हाय. बस बोलले तं बसत नाय.”

मी म्हटलं, “आई, नोकरी लागली.”

आईनं मान हलवली. तिला ते विचारायचं नव्हतं.

“ती बसली का?” तिनं विचारलं.

“बसली,” मी म्हटलं. “बाक रिकामा करून दिला तिला.”

आईनं चौकटीचा आधार घेतला आणि हळूहळू, गुडघे धरत, उंबऱ्यावर बसली.