माझे साडू आणि पहिल्या नंबराचं चित्र

माझ्या साडूंइतका हेकट माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि हे मी आमची पुढारी मंडळी धरून सांगतोय. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे हे गृहस्थ माझ्या नशिबी आले. शाळेत मात्र त्यांना मीच आणलं, तिथं बोलायला जागा नाही. केज तालुक्यातल्या एका निवासी शाळेचा मी मुख्याध्यापक. साडू मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरचे मोर, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवून झालं. मग फ्लेक्स आले आणि यांचे ब्रश वाळले. त्याच सुमाराला बीडला कुठल्याशा संस्थेचं शिबिर लागलं. मनानं दुखावलेल्या पोरांना चित्रं, माती, बाहुल्या यांच्या आधारानं कसं बोलतं करायचं, असा काहीतरी विषय. साडू गेले होते दोन वेळच्या जेवणासाठी, आणि परत आले ते पार बदलून. आमच्या वसतिगृहात ऊसतोड कामगारांची पोरं बरीच. आईबाप सहा महिने उसाच्या फडात, पोरं आमच्याकडं. कुणी रात्री अंथरूण ओलं करायचं, कुणी भिंतीवर डोकं आपटायचं. मी म्हटलं, या अण्णा, बसा यांच्याबरोबर, बघू तुमची विद्या.

खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी कायम त्यांच्या खांद्याला, आणि तिच्यात ओल्या काळ्या मातीचा गोळा. एसटीत एखादं मूल रडायला लागलं की हे उठलेच. एकदा धारूरच्या गाडीत एका बाईच्या मांडीवर पोरगं टाहो फोडत होतं, तर यांनी काही न विचारता त्याच्या हातात मातीचा गोळा दिला. पोरगं गप झालं, पण बाईच्या नव्याकोऱ्या साडीचा पार चिखल झाला. कंडक्टर म्हणाला, "ओ काका, ही गाडी हाय का कुंभाराचं घर?" साडू शांतपणे म्हणाले, "पोरगं गप झालं का न्हाई, तेवढं सांगा." पुढं धारूरपर्यंत ती बाई बोलत होती आणि हे पोराच्या शेजारी बसून माती मळत होते. नातेवाइकांकडं गेले की एकटे पडलेले मोजे मागायचे. जोडी असली तर घ्यायचे नाहीत. त्या मोज्याला दोन बटणं शिवली की झाली बाहुली. पोराला काही विचारायचं नाही, विचारायचं ते बाहुलीला. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका पोराला नाव विचारलं, तर यांनी साहेबांच्या पुढ्यात मोजा धरला आणि म्हणाले, "ह्याला इचारा." साहेबांनी विचारलं की हो! मोज्यापुढं वाकून, अगदी अदबीनं. मी खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम झालो.

आणि कौतुकाचं तर वावडंच. चित्राला 'छान' म्हणायचं नाही, हा यांचा कायदा. मी कौतुकानं एका मुलीला म्हटलं, "वा, काय सुंदर घर काढलंस!" तर माझ्यावरच खेकसले. "ते घर हाय हे तुमाला कुणी सांगितलं? तिला इचारलं का?" पोरांची सगळी चित्रं एका लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावायचे. "चित्र ज्याचं त्याचं असतंय, सर. त्यानं हून दाखवलं तर बघायचं. न्हाईतर आपलं डोळं आपल्यापाशी." पेटीची एक किल्ली त्यांच्या करगोट्याला. दुसरी माझ्या ड्रॉवरमध्ये, कारण मी मुख्याध्यापक! शाळेतल्या प्रत्येक कुलपाची किल्ली आपल्याकडं असावी, हा माझा बाणा.

सातवीत एक मुलगी होती, दिंद्रुडकडची. मागच्या हंगामात आईबापासोबत फडावर गेली आणि परत आली ती मुकी होऊन. वर्गाच्या बाई म्हणाल्या बहिरी झाली, स्वयंपाकीण म्हणाली बाहेरचं काहीतरी लागलंय. साडूंनी मातीचा गोळा तिच्या पुढ्यात ठेवला. अडीच महिने ती नुसती माती मळायची आणि हे समोर बसून मळायचे. मग तिनं रंग उचलले. आणि एक दिवस मोज्यात हात घालून ती बोलली. काय बोलली ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं ते एवढंच, की टोळीच्या मुकादमानं फडावर तिला छळलं होतं आणि तिनं मोज्याकडून सांगितलं होतं, "मला दसऱ्याला तिकडं न्हेऊ नका." साडूंनी त्याच दिवशी तालुक्याच्या समुपदेशक ताईंना गाठलं. तिच्या आईला विश्वासात घेऊन सोमवारी तक्रार द्यायची, असं ठरलं. त्यासाठी साडू शनिवारी दिंद्रुडला गेले. मला सांगितलं, "पावण्याकडं जाऊन येतो."

आणि त्याच शनिवारी मोठे साहेब येणार असा निरोप आला. वर्ग सजवा, काहीतरी दाखवा! मी ड्रॉवर उघडला. पेटीतली चित्रं काढली, सगळ्यांत ठसठशीत होतं ते मधोमध लावलं. ऊस भरलेला ट्रॅक्टर, वर बसलेला जाडजूड माणूस, खाली खोपीच्या दारात एक इवलीशी पोरगी. ट्रॅक्टरच्या पाटीवरचा नंबरसुद्धा आकडा न् आकडा काढलेला. खाली माझ्या वळणदार अक्षरात मी शीर्षक लिहिलं, 'आमचे कष्टाचे जीवन', आणि चित्रामागं होतं ते त्या दिंद्रुडच्या मुलीचं नाव, इयत्ता, गाव. साहेबांनी पहिला नंबर दिला. मी माईकवरून सांगितलं, "निरीक्षण बघा लेकराचं! गाडीचा नंबर सोडला नाही!" टाळ्या पडल्या. फोटो निघाले. ती मुलगी पहिल्या रांगेत होती. तिच्या तोंडाकडं मी पाहिलं नाही. साहेबांकडं बघत होतो ना मी.

फोटो गावोगावच्या ग्रुपवर गेले. ज्याच्या ट्रॅक्टरचा नंबर, त्याला तो वाचायला कितीसा वेळ लागणार? रविवारी सकाळी तिचा बाप जीपमधून आला. जीप मुकादमाची. "आजी सीरियस हाय," म्हणाला. मी रजिस्टरवर सही घेतली आणि पोरीला त्याच्या हवाली केलं. वर म्हटलं, लवकर आणा, हुशार आहे.

साडू संध्याकाळी पोरीच्या आईला घेऊन आले. मला वाटलं, आता हा माणूस मला उभा चिरणार. चिरलं असतं तर बरं झालं असतं. पण ते भिंतीवरच्या त्या चित्रासमोर थांबले आणि एवढंच म्हणाले, "तिनं दाखवलं व्हतं का तुमाला?" मी म्हटलं, "नाही." ते चित्र त्यांनी अलगद काढलं. माझं अक्षर त्याच कागदावर खाली होतं, ते काही निघालं नाही.

तक्रार झाली. पण पोरीला शोधून परत आणायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने ती तिथंच होती, जिथं नेऊ नका म्हणाली होती. मुकादम आता जामिनावर आहे. शाळेसमोरून जाताना हॉर्न वाजवतो हरामखोर. बाकी मला लोक अजूनही 'आदर्श सर' म्हणतात. ऐकलं की स्वतःची किळस येते.

पोरगी परत मुकी आहे. साडू परत तिच्यासमोर व्हरांड्यात बसतात, पहिल्यापासून सगळं. मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, मला माफ करा." ते म्हणाले, "मला कावून? माफी देणारी ती हाय. तिला सवड हुईल तवा देईल, न्हाई तर न्हाई."

परवा मी गेटातून येत होतो. मला बघताच व्हरांड्यात बसलेल्या पोरीनं हातातलं काहीतरी पटकन पाठीमागं लपवलं. माझे पाय तिथंच थबकले. दुपारी साडू ऑफिसात आले, कधी नव्हे ते स्वतःहून बसले. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, सर. लपवती म्हंजी लपवण्याजोगं काहीतरी घडवलंय तिनं. लई दिसांनी."

तेव्हापासून मी शाळेला मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराकडून येतो. वाट लांबची आहे, चिखलही असतो. पण तिला हातातलं लपवावं लागत नाही.